चार नंबरच्या प्रेसचा लॉग

सोमवारी सकाळी दहाच्या मीटिंगला गणराजनं फळ्यावर तीन नावं लिहिली, मार्करला टोपण लावलं आणि विचारलं, "यातली कुठली घ्यायची, हे शनिवारपर्यंत कोण सांगेल?"

कुणी मान वर केली नाही. चिंचवड स्टेशनच्या मागे असलेल्या त्या ऑफिसात सगळी मिळून अकरा माणसं होती, आणि लॉगिंगची लायब्ररी निवडणं हे काम त्यातल्या एकालाही नको होतं. नवा स्क्रीन केला तर गिऱ्हाईक कौतुक तरी करतं. लॉगकडे कोण बघतो? प्रोग्रॅम चालता चालता आपण काय केलं, किती वाजता केलं, कुठे अडलो, हे एका फाइलीत ओळीमागून ओळ लिहीत जातो, तो लॉग. ते लिहिण्याचं काम करणाऱ्या तयार लायब्ऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या कोडचे गठ्ठे, मिळतात, त्यातली एक निवडायची आणि विसरून जायचं. सगळं सुरळीत असतं तोवर ती फाइल कुणी उघडतसुद्धा नाही.

"मी करते," मंजुषा म्हणाली.

गणराज टीमचा प्रमुख होता, पण वयानं तिच्याएवढाच. तो जरा घुटमळला. "चाकणला जाऊन बसावं लागेल. खऱ्या मशीनवर बघितल्याशिवाय कळणार नाही."

"जाते."

"तोच कारखाना आहे, मंजुषा."

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि वही मिटून उठली.

तीन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, मंजुषाचा नवरा जयदीप त्या कारखान्यात पहिल्या शिफ्टला गेला होता. तिथं तो मेंटेनन्स सुपरवायझर होता. गेटवरच्या कॅमेऱ्यात तो आत जाताना दिसतो. कार्ड लावताना दिसतो. बाहेर पडताना तो कुठल्याच कॅमेऱ्यात नाही. त्याची मोटरसायकल पार्किंगमध्ये तशीच होती, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. पोलिसांनी तेलाची टाकी उपसली, भंगाराचं यार्ड उलटंपालटं केलं, कुंपणामागची निघोज्याकडची शेतं पायाखाली घातली. काहीच हाती लागलं नाही. मग लोक बोलायला लागले. घरात भांडण झालं होतं का? दुसरीकडे कुठे काही होतं का? मंजुषानं दोन वर्षं सगळ्यांना उत्तरं दिली आणि मग देणं बंद केलं. थेरगावात डांगे चौकाजवळच्या घरात ती सासूबरोबर राहत होती. कपाळाला टिकली लावत होती. रोज संध्याकाळी तीन माणसांची कणीक मळत होती, कारण दोघींच्या मापाची कणीक मळायला हात वळत नव्हता.

दुपारी ती चाकणला पोचली. तळेगाव चौकातल्या ट्रकच्या रांगेत पाऊण तास गेला. प्रेस शॉपच्या दारात रंगराव उभे होते, जयदीपच्या जागी आता तेच काम पाहत होते. पन्नाशीचा, आडव्या अंगाचा माणूस. त्यांनी तिच्या हातात कानात घालायचे बोळे आणि पिवळं हेल्मेट दिलं.

"वहिनी, तुम्ही कशाला आलात? दुसरं कुणी नव्हतं का?"

"काम आहे, भाऊजी."

लोखंडी जिन्याखाली काचेची एक केबिन होती, तिथं रंगरावांनी तिला खुर्ची दिली. काचेपलीकडे आठ प्रेस एका ओळीत. वरून घण खाली यायचा, पत्र्याला आकार द्यायचा, आणि जमीन तळपायातून पोटरीपर्यंत हलायची. ठप्प. ठप्प. सगळ्या हवेला तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास.

मंजुषानं लॅपटॉप जोडला. तीनपैकी एक लायब्ररी तिनं तासाभरात बाद केली, ती सुरू व्हायलाच फार वेळ घेत होती. राहिल्या दोन. एक जुनी, जी प्रेसवर नजर ठेवणाऱ्या, त्यांच्या ऑफिसनं केलेल्या प्रोग्रॅमला आजवर जोडलेली होती, आणि एक नवी. फरक साधा होता. जुनी फार प्रामाणिक. एकेक ओळ फाइलीत नीट उतरल्याशिवाय प्रोग्रॅमला पुढचं पाऊल टाकू द्यायची नाही. त्यामुळे ओळी वाढल्या की प्रोग्रॅम रेंगाळायचा. नवी लायब्ररी चपळ. ती ओळींना रांगेत उभं करून प्रोग्रॅमला मोकळं करायची आणि मागाहून सवडीनं लिहायची. रांग भरलीच, तर सगळ्यात खालच्या दर्जाच्या ओळी टाकून द्यायची.

लॉगमधल्या ओळींना दर्जे असतात. मोठा बिघाड सगळ्यात वर, मग इशारे, मग साधी माहिती. सगळ्यात खाली असते ट्रेस: अगदी बारीकसारीक, श्वासाश्वासाची नोंद. एरवी ती कुणी चालू ठेवत नाही. मंजुषानं चाचणीपुरती चार नंबरच्या प्रेसवर ट्रेस चालू केली आणि तेच संदेश दोन्ही लायब्ऱ्यांना एकदम दिले. दोन फाइली तयार होणार, त्या शेजारी शेजारी ठेवून ताडून बघायच्या.

साडेचारला तिनं ताडून बघितल्या. जुनीच्या फाइलीत एक ओळ जास्त होती.

प्रोग्रॅममधलं अक्षर न् अक्षर इंग्रजीत होतं. ही ओळ देवनागरीत होती. दर्जा ट्रेस, वेळ तीन वाजून बारा मिनिटं. "डावीकडचा खालचा नट सैल. आवळला."

तिनं सगळ्या कोडमध्ये शोधलं. तसे शब्द कुठेच नव्हते. प्रोग्रॅमचा कुठला भाग लिहितोय त्याचं नाव प्रत्येक ओळीच्या आधी येतं, या ओळीआधी ती जागा कोरी होती. कुणी जुन्या माणसानं कधीतरी गंमत करून ठेवली असेल, असं तिनं मनाशी ठरवलं. तरी निघताना रंगरावांना विचारलं, "भाऊजी, चार नंबरचा डावीकडचा खालचा नट आज कुणी आवळला का?"

"नाही बुवा. का?"

ते बॅटरी घेऊन वाकले. उठले तेव्हा हातातल्या फडक्यानं बोटं पुसत होते. "आवळलाय. वर पांढऱ्या मार्करची रेघही ओढलीय, ताजी." त्यांनी तिच्याकडे न बघता म्हटलं, "रेघ ओढायची पद्धत आता इथं कुणाची नाही."

मंगळवारी ती पहिल्या शिफ्टबरोबरच येऊन बसली. ओळी आल्या. जुन्या लायब्ररीच्याच फाइलीत, ट्रेसमध्येच.

"हात पुसले."

"चष्मा पुसला."

"पट्टा बघितला. ठीक."

दोन ओळींमध्ये दहा-दहा मिनिटं जायची. मंजुषा काचेतून चार नंबरकडे बघत बसायची आणि मग एकदम स्क्रीनकडे मान वळवायची. बाहेर ऑपरेटर होता, तयार तुकडे उचलणाऱ्या केसरबाई होत्या. चष्मेवालं कुणीच नव्हतं.

चष्मा होता जयदीपला. आणि त्याला एक खोड होती. करेल ते तोंडानं बोलायचा. चावी घेतली. डबा घेतला. गॅस बंद. मेंटेनन्सच्या माणसाला ही सवय लागतेच, तो म्हणायचा, बोललं की हात चुकत नाही. लग्न झाल्यावर सुरुवातीला मंजुषाला त्याचं हसू यायचं. पुढे पुढे सकाळच्या घाईत ते कानाशी भुणभुणल्यासारखं व्हायला लागलं. एकदा ती वैतागून म्हणाली, "मनातल्या मनात म्हण की रे." तो हसला, आणि खरंच मनातल्या मनात म्हणायला लागला. नुसते ओठ हलायचे. शेवटच्या सकाळी तो दारातून निघाला तेव्हा ती ओट्याशी पोळ्या लाटत होती, पाठमोरी. त्याचे ओठ काय म्हणत हलले ते तिनं पाहिलं नाही.

"पाणी प्यायलो," फाइलीत ओळ आली. "ग्लास उपडा ठेवला."

तिनं दोन्ही हात मांडीत धरून ठेवले.

संध्याकाळी ऑफिसात तिनं गणराजला फाइल दाखवली. त्यानं ती दोनदा वाचली. कारखान्याचं नेटवर्क कुठून कुठं जातं, बाहेरून कुणाला आत शिरता येईल का, हे तासभर तपासलं. शिरता येत नव्हतं.

"कुणीतरी अघोरी चेष्टा करतंय," तो म्हणाला.

"नट कुणी आवळला?"

"ते मला माहीत नाही." त्यानं आवाज खाली आणला. "हे मी कुणाला बोलणार नाही. उद्यापासून दुसऱ्याला पाठवू का?"

"नको." ती घाईघाईनं म्हणाली.

बुधवारी सकाळी तिनं गेटवर कार्ड घेतलं, बोळे कानात घातले आणि प्रेसच्या कडेकडेनं पिवळ्या पट्ट्यांमधून केबिनपर्यंत चालत गेली. वाटेत बुटाची नाडी सुटली म्हणून दोन नंबरपाशी थांबली. केबिनमध्ये बसल्यावर लॅपटॉप उघडला. ओळी आधीच येऊन पडल्या होत्या.

"मंजू आली."

"दोन नंबरपाशी थांबली. नाडी."

"हाक मारली."

"ऐकू गेली नाही."

तिनं कानातले बोळे उपसून टेबलावर टाकले. केबिनचं दार उघडून बाहेर आली. आवाजाची भिंतच अंगावर आली. त्या आवाजात ती कान देऊन उभी राहिली, डोळे मिटून, इतका वेळ की रंगराव धावत आले आणि दंडाला धरून तिला आत घेऊन गेले. नव्या लायब्ररीची फाइल तिनं वरपासून खालपर्यंत चाळली. चार नंबरचे ठोके, तेलाचा दाब, तुकड्यांची संख्या, सगळं जिथल्या तिथं. त्याची एकही ओळ नव्हती.

तिनं मोठ्यानं विचारलं, "कुठे आहेस तू?" लिहून विचारलं. प्रोग्रॅममधून त्याच फाइलीत ओळ घालून विचारलं. उत्तर आलं नाही. तो उत्तर देतच नव्हता. करेल ते बोलत होता, इतकंच.

"जिना चढलो."

"पुन्हा खालीच."

"जिना चढलो."

"पुन्हा खालीच."

दुपारी तिनं हट्टानं चाचणीचं काम पुरं केलं. प्रेसवर दाब मर्यादेबाहेर गेला की एक भोंगा वाजायचा आणि माणसं मागे सरायची. तो भोंगा याच प्रोग्रॅममधून वाजत असे. जुन्या लायब्ररीवर, ट्रेस बंद असताना, तो लगोलग वाजला. एका प्रेसवर ट्रेस चालू करून पाहिलं, अर्धा सेकंद उशीर. आठही प्रेसवर चालू केली तर किती, हे तिनं गणित करून वहीत लिहिलं: चार सेकंद. नव्या लायब्ररीवर काहीही केलं तरी उशीर नाही. निवड कुठली करायची हे त्या पानावर स्वच्छ दिसत होतं. तिनं वही मिटली.

गुरुवारी कारखान्याची सुट्टी. मंजुषा घरीच होती. शालनबाई, तिची सासू, मटार सोलत बसल्या होत्या. थेरगावचं जुनं शेतकरी घराणं त्यांचं. शेतं गेली, त्यांवर इमारती आल्या, तरी बोलणं तेच राहिलं होतं. मंजुषानं त्यांच्यापासून आजवर काही लपवलं नव्हतं. तिनं लॅपटॉप मांडीवर घेतला आणि तीन दिवसांच्या सगळ्या ओळी वाचून दाखवल्या. शालनबाईंची बोटं मटारात थांबली. त्या रडल्या नाहीत.

"चष्मा पुसला, व्हय?"

"हो, आई."

"अन् पानी पिला."

"हो."

"जेवला म्हून लिवलंय का कुठं?"

मंजुषानं पुन्हा वरपासून पाहिलं. "नाही."

"सगळं लिवलंय अन् जेवल्याचं न्हाई." शालनबाई दाराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आजून नीट बघ गं, मंजू. आपुन दोघी काय, कितीबी थांबू. पर त्यो तिथं उपाशी हाय का, तेवढं बघ."

त्या एका वाक्यानं मंजुषाचा तोल गेला, असं तिला पुढे वाटत राहिलं. पण खरं तर तिनं ते आधीच ठरवलं असावं.

शुक्रवारी सकाळी सात वाजता, केबिनमध्ये बसून, कुणाला न विचारता, तिनं चालू प्रोग्रॅमवर, जुन्या लायब्ररीवर, आठही प्रेसची ट्रेस उघडली. ओळी धो धो यायला लागल्या. हजारो ओळी मशीनच्या, आणि त्यांच्यामधून त्याच्या. एका ठिकाणी थांबून नव्हता तो. तीन नंबर, सहा नंबर, पुन्हा चार. तिनं गाळणी लावून फक्त देवनागरी ओळी वेगळ्या काढल्या आणि वाचत बसली. वाचता वाचता ती हसलीही, कारण मध्येच एक ओळ आली, "रंगरावाचं पोट सुटलंय."

जेवणाबद्दल काही नव्हतं.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी चार नंबरच्या प्रेसमध्ये साचा तडकला.

आवाज नेहमीच्या ठोक्यापेक्षा बारीक होता, काच फुटल्यासारखा. वितभर लांबीचा पोलादी तुकडा सुटला आणि समोरच्या खांबाला लागून खाली पडला. भोंगा त्यानंतर वाजला. चार सेकंदांनी.

मंजुषा धावत बाहेर गेली. केसरबाई जमिनीवर बसल्या होत्या, पाय पसरून, दोन्ही हात कानांवर. बीडकडच्या त्या, दोन वर्षं झाली होती इथं येऊन. अंगावर ओरखडाही नव्हता. रंगरावांनी त्यांना पाणी दिलं.

"माझ्या तोंडापुढूनच गेलं बघा, मॅडम," केसरबाई म्हणाल्या. "म्या तिथंच वाकले व्हते. कुनीतरी खांद्याला धरून मागं वढलं."

"कुणी?"

केसरबाईंनी मागे बघितलं. मागे पाच हातांवर भिंत होती. मधे कुणी नव्हतं. ऑपरेटर प्रेसच्या पलीकडच्या अंगाला होता.

"लई गार हात व्हता," त्या म्हणाल्या.

केबिनमध्ये परत येऊन मंजुषानं पहिल्यांदा ट्रेस बंद केली. मग फाइलीत वर जाऊन पाहिलं. नऊ चाळीसची ओळ होती.

"साचा जातोय."

"भोंगा वाजत नाही. भोंगा का वाजत नाही?"

"बाईंना मागं ओढलं."

"हात पोचला."

आणि त्याच्या खाली, ती केसरबाईंशेजारी गुडघे टेकून बसली होती त्या मिनिटाला:

"मंजूचा हात धरला."

"तिला कळलं नाही."

मंजुषानं आपला उजवा हात उलटा केला, सुलटा केला. नंतर तो गालाला लावला. तेलाचा वास येत होता, तो तिथं सगळ्याच गोष्टींना येत होता.

ट्रेस तिनंच उघडली होती, हे तिनं रंगरावांना त्याच दुपारी सांगितलं. कशासाठी उघडली तेही सांगितलं, आणि पांढऱ्या रेघेची आठवण दिली. रंगरावांनी टोपी हातात फिरवली. मग म्हणाले, "वहिनी, वर कळवावं लागेल मला. पण एक सांगतो. आमच्या जयदीपला भोंगा अर्धा सेकंद उशिरा वाजलेला चालायचा नाही. लाइन बंद करून बसायचा तो."

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

रात्रीच्या जेवणाआधी तिनं सासूला सगळं सांगितलं. शालनबाईंनी केसरबाईंना मुलंबाळं किती, हे विचारलं. दोन, मंजुषा म्हणाली. शालनबाईंनी ताटं मांडली आणि म्हणाल्या, "लाव ती नवी. त्यानं त्या बाईला वढली ना? मंग." त्या जेवल्या, आणि जेवण झाल्यावर खूप वेळ मोरीत पाणी सोडून उभ्या राहिल्या.

शनिवारी मंजुषानं गणराजला रिपोर्ट दिला. दीड पानाचा होता. नवी लायब्ररी घ्यावी, कारण भोंगा वेळेवर वाजतो. ट्रेस टाकून दिली तरी चालेल. ते शेवटचं वाक्य तिनं चार वेळा खोडलं आणि पाचव्यांदा राहू दिलं. स्वतःची चूकही त्यात लिहिली. गणराजनं वाचलं आणि विचारलं, "नक्की?"

"आजच जोडू या," ती म्हणाली. "उद्या मी करणार नाही."

तीन आठवडे गेले. काम पुरं होऊन सगळ्या चाव्या कारखान्याच्या ताब्यात गेल्या. मंजुषाकडे आता नुसतं बघण्यापुरतं एक पान उरलं होतं, घरून उघडता येण्यासारखं. त्यातलं काही बदलायची तिला मुभा नव्हती, आणि ती तिनं मागितलीही नव्हती. जुन्या लायब्ररीची त्या आठवड्याची फाइल तिनं जपून ठेवली होती. "मंजू आली" ही ओळ ती रोज एकदा वाचत होती. एकदाच, जास्त नाही.

एका गुरुवारी दुपारी तिनं सहज ते पान उघडलं. शालनबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या. बाहेर डांगे चौकाकडून भाजीवाल्याची हाळी येत होती. कारखाना बंद होता. आठही प्रेसपुढे शून्य. तेलाचा दाब शून्य. तुकडे शून्य.

खाली कोपऱ्यात एक रकाना होता, कारखान्याच्या कॉम्प्युटरवाल्यांनी नंतर मागून घेतलेला. नवी लायब्ररी ज्या ओळी टाकून देते त्या वाचता येत नाहीत, कुठे उरत नाहीत, पण किती टाकल्या ते ती मोजत राहते. मंजुषाला त्या रकान्याचं कधी काही वाटलं नव्हतं. रांग भरल्याशिवाय ओळ टाकली जात नाही, आणि आज रांगेत उभं राहायला काही नव्हतंच.

रकान्यात ६१८ होते.

तिला वाटलं, कालचे असतील. तारीख पाहिली. आजचे होते.

६१९.

६२०. ६२१.

मग जरा थांबून ६२२.

मशीनची लय एकसारखी असते. ही तशी नव्हती. दोन लवकर लवकर, मग एक उशिरा, मग पुन्हा तीन. माणूस बोलता बोलता श्वास घेतो तशी.

मंजुषानं खुर्ची पुढे ओढली. स्क्रीनच्या अगदी जवळ तोंड नेलं, इतकं की काचेवर तिच्या श्वासाचा डाग उमटला.

"बोल," ती हळूच म्हणाली. "मी ऐकतेय."

आकडा थांबला.

भाजीवाला लांब गेला. आत शालनबाई कुशीवर वळल्या. एक मिनिट गेलं, मग आणखी अर्धं.

आणि मग आकडा एकदम चार हजारांच्या पुढे गेला, आणि थांबेना.